धुराड्यातून गेलेलं परत आणता येतं का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की इंजिनात जाळलेल्या डिझेलपैकी चाकापर्यंत पोचतं ते निम्म्याहून कमी, बाकीचं उष्णता होऊन धुरातून आणि पाण्यातून निघून जातं. त्या एका वाक्यावर या महिन्यात पत्रांचा गठ्ठा आला. एकतीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता गुहागरला असतो. ही वाया जाणारी उष्णता मी हातांनी पकडलेली आहे आणि तिच्यापायी एका रात्री जीव मुठीत धरून उभाही राहिलो आहे. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच विषयाची पत्रं घेतली.

प्रश्न : माझे सहा ट्रक कोल्हापूर-मुंबई चालतात. मुलाने मोबाइलवर दाखवलं की बीएमडब्ल्यूने सायलेन्सरच्या उष्णतेवर वाफेचं इंजिन चालवलं होतं. ते आपल्या ट्रकला का लावत नाहीत? बाजारात कुठे मिळेल? (ट्रकमालक, कोल्हापूर)

उत्तर : बाजारात मिळत नाही, हे आधीच सांगतो. कोणी तसलं काही विकायला दारात आला तर तुमचे पैसे वाचतील.

मुलाने दाखवलं ते मात्र खरं आहे. २००५ च्या डिसेंबरात बीएमडब्ल्यूने ‘टर्बोस्टीमर’ जाहीर केला. १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याच्या धुरावर आणि गरम पाण्यावर तयार केलेली वाफ, आणि त्या वाफेची ताकद पुन्हा क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला. १० किलोवॅट जादा ताकद आणि इंधनात १५ टक्क्यांपर्यंत बचत, असं कंपनीने सांगितलं होतं. विक्रीच्या गाडीत ते कधी आलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ‘सुपरट्रक’ कार्यक्रमात इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीने अशीच जोडणी लावून ट्रकच्या इंजिनाची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर नेली. म्हणजे विज्ञान पक्कं आहे. घोडं अडतं ते दुसरीकडेच.

आपण तुमच्याच ट्रकचा अंदाजे हिशेब मांडू. भरलेला ट्रक कराड-सातारा सपाटीवर एका चालीत चाललाय आणि इंजिन १०० किलोवॅट देतंय असं धरा. त्यासाठी डिझेलमधून साधारण २५० किलोवॅट आत जातात. त्यातले ७५-८० धुरातून जातात. धूर पूर्ण थंड करता येत नाही, त्यामुळे हाती लागतात फार तर ५०. या ५० ची वाफ करून टर्बाइन फिरवलं, पंपाचा खर्च वजा केला, तर कामाला येतात ५ किंवा ६.

आता उरलेल्या ४५ चं काय करायचं ते सांगा. पूर्वी ती उष्णता सायलेन्सरमधून आकाशात जात होती, तुम्हाला तिची काळजी नव्हती. आता तुम्ही ती वाफेत घेतलीत. त्या वाफेचं पुन्हा पाणी केल्याशिवाय चक्र पुढे सरकत नाही, म्हणून ती उष्णता तुम्हालाच गाडीच्या तोंडाशी आणून वाऱ्यावर सोडावी लागते. म्हणजे आहे त्या रेडिएटरशेजारी जवळपास पाऊण रेडिएटर अजून. त्याला जागा हवी, पंखा हवा, आणि तो पंखा इंजिनाचीच ताकद खातो. आलेल्या पाचातला एक-दीड तिथेच जातो. वर वजन वाढलं, तेवढा माल कमी भरायचा.

आणि तुमचा रस्ता सपाट कुठे आहे? खंबाटकी चढताना धूर तापून निघतो, उतरताना ड्रायव्हर पाय काढतो आणि धूर गार पडतो. बॉयलरला अशी धरसोड मानवत नाही. त्याला दिवसचे दिवस एकच चाल लागते.

एक गोष्ट मात्र तुमच्या ध्यानात आणून देतो. धुरातली ताकद परत घेणारं एक यंत्र तुमच्या सहाही ट्रकवर बसलेलं असणार, त्याचं नाव टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाहेर पडणाऱ्या धुरावर चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची. टर्बोची शिट्टी बदलली, हवेचा होज सैल पडला, एअर फिल्टर तुंबला, तर आहे ती वसुलीही जाते. नवीन यंत्राच्या शोधात फिरण्याआधी सहाही ट्रकचे होज आणि क्लॅम्प एकदा हाताने चाचपून घ्या.

प्रश्न : माझे वडील १९५० च्या दशकात सांताक्रूझ विमानतळावर मेकॅनिक होते. सुपर कॉन्स्टेलेशन विमानाच्या प्रत्येक इंजिनाला तीन जादा टर्बाइनं असत आणि ती पंख्याला ताकद देत, असं ते सांगायचे. हे खरं का? (वाचक, वय ७२, विलेपार्ले)

उत्तर : अगदी खरं. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५४ मध्ये ही विमानं आणली. त्यांची राइट आर-३३५० टर्बो-कंपाउंड इंजिनं अठरा सिलिंडरची होती. सहा-सहा सिलिंडरांचा धूर एकेका टर्बाइनवर, अशी तीन टर्बाइनं. ती तेलाच्या कपलिंगमधून थेट क्रँकशाफ्टला जोडलेली. जादा इंधन न जाळता प्रत्येक इंजिनामागे साडेचारशेच्या आसपास अश्वशक्ती परत मिळे. विमान हजारो मैल एकाच चालीत उडतं, म्हणून तिथे हे जमलं. पण तो लालभडक धूर आणि इतके सुटे भाग सांभाळणं फार कष्टाचं होतं. तुमच्या वडिलांच्या हातांना त्याची खूण नक्की असणार. त्यांनी काही वही, टिपणं ठेवली असतील तर टाकू नका, जपून ठेवा.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ‘ऑरगॅनिक रँकिन सायकल’ घ्यावी की ‘सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड’, हे ठरत नाही. पाणी इतकं स्वस्त असताना दुसरी द्रव्यं मुळात का वापरतात? (विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, तिथून सुरुवात करू. बाकीच्या वाचकांसाठी एवढंच : द्रव उकळवायचं, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि वाफेचं पुन्हा द्रव करायचं, हे रँकिन चक्र. पाण्याऐवजी लवकर उकळणारं कार्बनी द्रव्य घेतलं की ते ऑरगॅनिक.

दहा हंडे कोमट पाण्यात मूठभर तांदूळ शिजत नाहीत, वाटीभर आधणात शिजतात. हंड्यांमध्ये उष्णता कितीतरी जास्त आहे, पण ती खालच्या पायरीवरची आहे. कार्नोने १८२४ मध्ये हेच सांगितलं. उष्णता किती आहे यापेक्षा ती किती अंशांवर आहे, आणि टाकायची जागा किती अंशांवर आहे, यावर तिची किंमत ठरते. जहाजाच्या इंजिनाचं जॅकेट वॉटर, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ८५ अंशांवर असतं आणि समुद्र ३० वर. केल्व्हिनमध्ये मांड, म्हणजे २७३ मिळव : ३५८ आणि ३०३. दोघांतल्या फरकाला मोठ्या आकड्याने भागलं की उष्णतेतून मिळणारं काम : जास्तीत जास्त १५ टक्के, आणि हे फक्त कागदावरचं. प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी पुष्कळ. धूर २५० अंशांवर असेल तर तोच आकडा ४२ होतो. पण धुराचं दुखणं असं की उष्णता काढत गेलीस तसा तो गार होत जातो, शेवटचा भाग पहिल्या भागाइतका मोलाचा राहत नाही.

आता पाणी. ते एका ठरावीक तापमानाला उकळतं, आणि उकळताना प्रचंड उष्णता पिऊन तिथेच थांबतं. आलेखावर धुराची रेषा उतरती, पाण्याची रेषा सपाट. दोघांमध्ये जी फट राहते, तिथे तुझी मिळकत हरवते. दाब कमी करून पाणी लवकर उकळवता येतं, पण मग वाफ फुगून टर्बाइन अवाढव्य होतं, आणि प्रसरण पावताना वाफेत थेंब धरतात, ते पात्यांना खातात. म्हणून कमी तापमानाला दुसरी द्रव्यं घेतात. आर-२४५एफए हे फ्रीजमधल्या वायूच्या जातीचं द्रव्य साध्या दाबाला १५ अंशांवर उकळतं, सायक्लोपेंटेन ४९ वर. त्यांची वाफ टर्बाइनमधून कोरडीच बाहेर पडते, आणि यंत्र आटोपशीर होतं. किंमतही मोजावी लागते. पहिलं द्रव्य गळालं तर ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट हवा तापवतं. दुसरं पेट घेतं, आणि तू ते धुराच्या तापलेल्या पाइपाशेजारून फिरवणार आहेस.

अलेक्झांडर कालिना या रशियन इंजिनिअरने वेगळी युक्ती केली. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण घेतलं. मिश्रण एका तापमानाला उकळत नाही, चढत्या क्रमाने उकळत जातं, त्यामुळे त्याची रेषा धुराच्या रेषेला लगटून जाते. आइसलंडमध्ये हुसाविक गावी २००० साली अशी सुमारे २ मेगावॅटची वीज भूगर्भातल्या गरम पाण्यावर तयार होऊ लागली.

कार्बन डायऑक्साइडमध्ये तर उकळणंच काढून टाकलं जातं. ३१ अंश आणि सुमारे ७४ बार (साध्या हवेच्या दाबाच्या जवळपास ७४ पट) ओलांडले की तो द्रवही नसतो, वायूही नसतो; ‘सुपरक्रिटिकल’ म्हणतात ते हेच. सरळ चढत्या रेषेने तापतो. त्या बिंदूपाशी तो इतका घट्ट असतो की दाबायला फार कमी ताकद लागते, आणि सगळी किमया तिथेच आहे. टर्बाइन एवढंसं होतं. अमेरिकेत सॅन अँटोनिओला १० मेगावॅटचा असा प्रकल्प उभा आहे, २०२४ मध्ये त्यातून वीजही निघाली. पण ‘३१ अंश’ हा आकडा पुन्हा वाच. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे तिथल्या खोल खाड्यांत, पाणी १० अंशांवर आहे, तिथे हे सहज जमेल. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात समुद्रच ३० वर असतो आणि विदर्भात हवा ४५ वर. वायू त्या घट्ट बिंदूपाशी आणायचा कसा? दाबायचा खर्च वाढतो आणि चक्राची सगळी शान जाते. उष्णता कुठून घ्यायची यावर पुस्तकं भरलेली आहेत. ती टाकायची कुठे, हे आपल्या देशात आधी विचारावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा तुला माझा सल्ला : ऑरगॅनिक रँकिन घे, पण द्रव्यांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत वर्ष घालवू नकोस. कॉलेजच्या जनरेटरच्या धुराचं तापमान तासातासाला मोज, कराडच्या हवेचं जानेवारीत आणि मेमध्ये मोज, आणि त्या दोन महिन्यांत मिळणाऱ्या ताकदीत किती फरक पडतो ते दाखव. ७४ बारचं काचेपलीकडून बघायचं यंत्र कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवायला मात्र जाऊ नकोस.

प्रश्न : आमच्या हॉटेलला डिझेल जनरेटर आहे. धुरावर वीज करता येईल का? (हॉटेलमालक, महाबळेश्वर)

उत्तर : वीज नको, आंघोळीचं पाणी तापवा. २०० किलोवॅटचा जनरेटर भाराने चालत असेल तर धुरातून साधारण १०० किलोवॅट उष्णता सहज निघते. तिची वीज केली तर १०-१५ किलोवॅट, पाणी तापवलंत तर पूर्ण १००. तुम्हाला थंडावाही लागत असता तर उष्णतेवर चालणारे चिलर पुण्याची थरमॅक्स कंपनी कित्येक वर्षं बनवते आहे. पण जनरेटर दिवसाकाठी दोनच तास चालत असेल तर यातलं काहीही करू नका.

प्रश्न : मी प्री-सी ट्रेनिंगला जाणार आहे. जहाजावर ही वसुली पूर्वीपासून होते असं तुम्ही लिहिलंत. प्रत्यक्ष काम कसं असतं? (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : जहाज हे या उष्णतेचं माहेर आहे. इंजिन पंधरा-पंधरा दिवस एका चालीत चालतं, वजनाची फिकीर नसते, आणि उष्णता टाकायला खाली अख्खा समुद्र. टायटॅनिकवरसुद्धा दोन मोठ्या इंजिनांनी वापरून सोडलेल्या वाफेवर तिसरं टर्बाइन फिरत होतं, मधला पंखा त्याच्यावर चाले. २००६ मध्ये आलेल्या ‘एमा मर्स्क’चं मुख्य इंजिन सुमारे ८० हजार किलोवॅटचं होतं, आणि त्याच्या धुरावर साडेआठ हजार किलोवॅटच्या आसपास वीज करायची सोय केलेली होती. एवढ्यावर एखादं मोठं गाव उजळेल.

पण तुझी पहिली ओळख होईल ती फ्रेश वॉटर जनरेटरशी. ८०-८५ अंशांचं जॅकेट वॉटर एका बंद भांड्यातून जातं. त्या भांड्यात निर्वात केलेला असतो, म्हणून समुद्राचं पाणी ४०-५० अंशांवरच उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी, मोठ्या जहाजावर दिवसाला वीस-पंचवीस टन. ज्या उष्णतेची वीज करायला गेलास तर हाती काही लागत नाही, तीच उष्णता तीस माणसांना पिण्याचं, जेवणाचं, आंघोळीचं पाणी देते. मी पाचव्या इंजिनिअरचं काम करत होतो, ‘पाँच साब’ म्हणायचे, तेव्हा पहाटेच्या वॉचला मी काढलेलं पाणी टाकीत चढताना बघून जो आनंद झाला तो पुढे ‘बडा साब’, म्हणजे चीफ इंजिनिअर, झाल्यावरही क्वचित मिळाला.

आता दुसरी बाजू. फनेलमध्ये, म्हणजे जहाजाच्या धुराड्यात, वर इकॉनॉमायझर असतो, धुराच्या वाटेत पाण्याच्या नळ्यांचे जुडगे. जितक्या जास्त नळ्या तितकी जास्त वाफ, असं कोणालाही वाटेल. पण धूर फार गार केला तर इंधनातल्या गंधकाचं आम्ल नळ्यांवर धरतं, म्हणून १६० अंशांच्या आसपास हात आखडता घ्यावा लागतो. (२०२० पासून इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं गेलं, तेव्हापासून थोडी मोकळीक आहे.) आणि नळ्या फार वाढवल्या की धुराचा वेग मंद ठेवावा लागतो, मग काजळी धरते. तेलकट, चिकट काजळी.

मी सेकंड इंजिनिअर असताना आमचं जहाज बंदराबाहेर आठवडाभर अगदी मंद चालीने फिरत होतं, आत घ्यायची पाळी येत नव्हती. सूट ब्लोइंग, म्हणजे नळ्यांवरची काजळी फुंकून झाडणं, रोज व्हायला हवं होतं. ते दोन दिवस राहून गेलं, आणि ती चूक माझ्या पाळीतली होती. रात्री दोनच्या सुमाराला इंजिनाची चाल वाढवली आणि वीस मिनिटांत फनेलच्या तापमानाचा अलार्म वाजला. २३०, २६०, ३१०. काजळीने पेट घेतला होता. बडा साब शर्टाची बटणं न लावताच खाली आले आणि पहिला प्रश्न विचारला : पाण्याचा पंप चालू आहे ना? नळ्यांतून पाणी फिरवणारा पंप बंद पडला असता तर नळ्या कोरड्या पडल्या असत्या, आणि हजार अंशांच्या वर गेलं की लोखंड स्वतःच जळायला लागतं. इंजिन बंद केलं, टर्बोचार्जरच्या हवेच्या तोंडांवर ताडपत्र्या बांधल्या, पंप चालू ठेवला, आणि फनेलच्या बाहेरच्या भिंतीवर पाणी मारत राहिलो. पहाटे साडेपाचला तापमान उतरायला लागलं. कोणाला इजा झाली नाही. तीन नळ्या गळत होत्या, त्या पुढे बंदरात बुजवल्या.

तेव्हा ट्रेनिंगला गेलास की चक्राचे आलेख शीक, ते लागतातच. पण इकॉनॉमायझरचा पंप कुठे आहे, त्याचा दुसरा जोडीदार कुठून चालू होतो, हे बोटीवर चढल्याच्या पहिल्या दिवशी अंधारात सापडेल असं पाठ कर.

प्रश्न : माझी मासेमारीची बोट आहे. दर फेरीला बर्फ विकत घेऊन भरावा लागतो, परत येईपर्यंत अर्धा वितळतो. इंजिनाच्या धुरावर बोटीतच बर्फ करता येईल का? दादा, खरं काय ते सांगा. (बोटमालक, हर्णै)

उत्तर : दादा म्हणालात, तर खरंच सांगतो. होऊ शकतं, पण आज दुकानात जाऊन आणता येईल असं नाही.

उष्णतेवर थंडावा करायची रीत जुनी आहे. अमोनिया पाण्यात विरघळवायचा, तापवून बाहेर काढायचा, पुन्हा विरघळू द्यायचा. जमिनीवर हे उत्तम चालतं. बोट डुलते, पाण्याचा पातळ थर नळ्यांवरून नीट ओघळत नाही आणि काम बिघडतं. म्हणून द्रवाऐवजी कोळशासारख्या घन पदार्थात वायू शोषायची रीत शोधली गेली, चीनमध्ये शांघायच्या जियाओ तोंग विद्यापीठाने मासेमारी बोटींसाठी अशी बर्फाची यंत्रं करून पाहिली आहेत. घन पदार्थ डुलण्याला भीत नाही. शिवाय थंड करायला समुद्राचं पाणी तुमच्या बोटीखाली फुकट आहे, जे त्या ट्रकवाल्या दादांकडे नाही.

आकडा सांगतो. जाळं ओढताना तुमचं इंजिन ५० किलोवॅट देत असेल तर धुरातून साधारण २५ किलोवॅट उष्णता काढता येईल. अशा यंत्रात तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी थंडावा मिळतो, समजा साडेसात. ३० अंशांच्या पाण्याचा एक किलो बर्फ करायला ४६० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे तासाला पन्नास-साठ किलो, गळती आणि बाहेरच्या हवेची ऊब धरून निम्मे समजा. दहा तासांत अडीचशे किलो. पूर्ण फेरीचा बर्फ त्यात होणार नाही. पण नेलेला बर्फ वितळतो त्याची भरपाई होईल, आणि कोळंबीचा भाव तेवढ्यावरच ठरतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

अमोनिया बंद केबिनमध्ये गळला तर माणूस मारतो, ही भीती खरी आहे. यंत्र उघड्या डेकवरच हवं.

बर्फाची पेटी मात्र आजच सुधारा. फोमची जाडी चार बोटं करा आणि झाकणाला रबर लावा. आणि पुढच्या फेरीला एक काम करा : ६०० अंशांपर्यंत दाखवणारा तापमापी धुराच्या पाइपावर, टर्बो असेल तर धूर त्यातून बाहेर पडतो त्या बाजूला, बसवून घ्या. निघताना, जाळं ओढताना, परत येताना किती दाखवतो ते तासातासाला वहीत लिहा, बाजूला किती डिझेल गेलं तेही. वही घेऊन या, किंवा मीच लिलावाच्या वेळी हर्णैला येतो. आपण बसून आकडे मांडू.